बिनक्लचचा छोटा ट्रॅक्टर : तो चालवावा कसा



आपल्याकडे ट्रॅक्टर शिकणाऱ्याचा पहिला धडा क्लचचा. डावा पाय खाली दाबायचा, गिअर टाकायचा, मग पाय हळूहळू सोडायचा. आणि तो हळूहळू सोडता सोडता एकदम सुटतो, ट्रॅक्टर गचका खाऊन बंद पडतो आणि बांधावर बसलेले चुलते खो-खो हसतात. हा धडा आपण सगळ्यांनीच घेतलेला आहे. आता असा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा की ज्याला पुढे जायला, मागे यायला, वेग कमी-जास्त करायला क्लच दाबावाच लागत नाही. उजव्या पायाखाली एक पेडल. ते दाबले की ट्रॅक्टर पुढे निघाला, अधिक दाबले की अधिक वेगाने निघाला, पाय उचलला की थांबला. शेजारच्या दुसऱ्या पेडलवर पाय ठेवला की मागे. काही बनावटीत एकच पेडल असते, चवड्याने दाबले की पुढे आणि टाचेने दाबले की मागे. अर्ध्या तासात कोणालाही जमेल असे हे काम. याला हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून जे छोटे ट्रॅक्टर फिरतात ते तर बहुतेक सगळे गिअरचे, मग ही कथा आम्हाला कशाला? खरे आहे. पण भातकापणीला रबरी पट्ट्यांवर चालणारी जी जपानी धर्तीची यंत्रे येतात, त्यांतल्या पुष्कळांची चाल याच तत्त्वावर आहे. आणि अमेरिकेत तर वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांत हा प्रकार सर्रास खपतो. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या ज्या माणसांना घराभोवतीच्या चार-पाच एकरांची हौस आहे, त्यांच्या हाती पहिला ट्रॅक्टर येतो तो बहुधा असलाच. तो सोपा आहे यात शंका नाही. पण जी वस्तू शिकायला सोपी तिच्यातली खोच लक्षात यायला वेळ लागतो. ती खोच अशी, की या ट्रॅक्टरचे पेडल म्हणजे मोटारीची रेस नव्हे. जोर कमी पडला तर पेडल अधिक दाबायचे नसते, सैल करायचे असते.

हे असे उलटे का, ते समजायला आत डोकावून पाहिले पाहिजे. नेहमीच्या ट्रॅक्टरात इंजिनाची ताकद दात्यांच्या चाकांतून मागच्या चाकांपर्यंत जाते. इथे मध्ये तेल आहे. इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, ते तेल एका मोटरला फिरवते आणि ती मोटर चाकांना फिरवते. मोटर म्हणजे विजेची नव्हे, तेलाच्या जोराने फिरणारी. तेल पुन्हा पंपाकडे परत येते. फेरा बंद.

सगळी गंमत त्या पंपात आहे. पंपाच्या गोल ठोकळ्यात कडेकडेने छोटे छोटे दट्टे बसवलेले असतात आणि त्यांची टोके एका थाळीला टेकलेली असतात. थाळी सरळ उभी असली तर ठोकळा कितीही फिरला तरी दट्टे आत-बाहेर होत नाहीत. तेल हलत नाही, ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. थाळी थोडी तिरपी केली की दट्टे थोडे आत-बाहेर होतात, थोडे तेल जाते, ट्रॅक्टर रांगू लागतो. अधिक तिरपी केली की अधिक तेल, अधिक वेग. उलट्या बाजूला कलली की तेल उलटे वाहते आणि ट्रॅक्टर मागे येतो. तुमच्या पायाखालचे पेडल एवढेच करते : थाळी तिरपी करते. इंजिनाच्या रेसशी त्याचा बहुतेक ट्रॅक्टरांत काही संबंध नसतो. रेसचा दांडा हाताशी वेगळा असतो.

आता हिशेब पाहा. इंजिनाची ताकद ठरलेली आहे. ती ताकद भरपूर तेल कमी दाबाने ढकलण्यात खर्च करता येईल, किंवा थोडे तेल मोठ्या दाबाने ढकलण्यात. दोन्ही एकदम मिळायचे नाही. पेडल पूर्ण दाबले म्हणजे तेल भरपूर, वेग भरपूर, पण चाकांना रेटा कमी. पेडल सैल केले म्हणजे तेल थोडे, वेग थोडा, आणि रेटा दांडगा. खंबाटकीचा घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर काय करतो? गाडी दमली की वरचा गिअर काढून खालचा टाकतो. या ट्रॅक्टरात पेडलवरचा पाय थोडा उचलणे म्हणजेच खालचा गिअर टाकणे. आणि पाय आणखी दाबणे म्हणजे घाट चढता चढता टॉप गिअर टाकण्यासारखे झाले.

एका रोपवाटिकेच्या आवारात मी हे प्रत्यक्ष पाहिले. तरुण मुलगा, जीप चालवण्यात तरबेज. पुढच्या बकेटने शेणखताचा ढीग उचलायचा होता. बकेट ढिगात शिरली आणि अडली. मुलाने पेडल दाबले. आतून चिरका आवाज येऊ लागला. त्याने आणखी दाबले, आवाज आणखी चढला, ट्रॅक्टर तसूभर हलेना. इंजिनही कण्हू लागले. "काका, यात दमच नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "पाय उचल. सगळा नाही, निम्मा." त्याने पाय सैल केला आणि बकेट लोण्यात सुरी जावी तशी ढिगात गेली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

तो चिरका आवाज मात्र नीट ओळखायला शिका. तेलाचा दाब मर्यादेपलीकडे गेला की एक झडप उघडते आणि तेल काम न करता वाट काढून परत जाते. त्या आवाजाचा अर्थ असा की इंजिनाची ताकद आता चाकांना न जाता तेल तापवण्यात चालली आहे. असा आवाज क्षणभर आला तर बिघडत नाही. मिनिटभर चालू दिला तर पंपाचे आयुष्य तुम्ही हाताने कमी करता आहात.

दुसरी गोष्ट रेसची. गिअरच्या ट्रॅक्टरची सवय असलेली माणसे इथे रेस कमी ठेवतात, डिझेल वाचेल म्हणून. हलक्या ये-जा करण्याला ते ठीक. पण कामाला जुंपताना रेस चढती पाहिजे. इंजिन मंद असेल तर पंपही मंद, आणि तेल थंड राखणारा पंखाही मंद. आधी हाताने रेस बसवा, मग पायाने चाल ठरवा. काम संपेपर्यंत रेसच्या दांड्याला सहसा हात लावायचा नाही.

याचा खरा फायदा दिसतो तो पीटीओच्या कामात. गवत कापायचे यंत्र, रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, ही सगळी पीटीओवर चालतात आणि त्यांना मिनिटाला ५४० फेरे हवे असतात. गिअरच्या ट्रॅक्टरात गवत दाट लागले आणि तुम्ही चाल कमी करण्यासाठी रेस उतरवली की पातेही मंदावते, आणि नेमके पाते जोरात फिरायला हवे तेव्हा ते हळू फिरते. मग क्लच दाबा, गिअर बदला, पुन्हा निघा. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाते आपल्या ५४० वर फिरत राहते. दाट गवत दिसले की पाय थोडा सैल, विरळ झाले की थोडा दाबला. झाडाच्या बुंध्याशी आलो, थांबलो, मागे आलो, वळलो. पात्याला त्याचा पत्ताही नाही. दिवसाकाठी दोनशे वेळा पुढे-मागे करण्याचे काम असेल, म्हणजे लोडरने माती हलवणे, गोठा साफ करणे, बागेत आखडत-वळत कापणी करणे, तर या ट्रॅक्टरला तोड नाही.

फवारणीच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. फवाऱ्यातून मिनिटाला पडणारे औषध ठरलेले असते, म्हणून झाडावर किती पडेल ते ट्रॅक्टरच्या चालीवर ठरते. ताशी ४ किलोमीटरने गेलात तर शंभर मीटरची ओळ ९० सेकंदांत होते. पाय नकळत दबून चाल ६ किलोमीटर झाली की तीच ओळ ६० सेकंदांत उरकते आणि झाडांना एक-तृतीयांश औषध कमी मिळते. गिअरच्या ट्रॅक्टरात एकदा गिअर आणि रेस ठरवली की चाल आपोआप कायम राहते. इथे ती तुमच्या पायावर अवलंबून, आणि पाय दमतो. म्हणून ज्या ट्रॅक्टरला चाल बांधून ठेवण्याचा खटका आहे, त्याला तो फवारणीत जरूर लावावा.

आणि नांगरटीसाठी? नांगरासाठी मी हा ट्रॅक्टर कोणालाही सुचवणार नाही. तेलातून ताकद नेताना तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो, दात्यांपेक्षा पुष्कळ जास्त. पंचवीसेक अश्वशक्तीचे एकच इंजिन दोन्ही प्रकारांत बसवले तर पीटीओवर सुद्धा हायड्रोस्टॅटिकमध्ये दीडेक अश्वशक्ती कमी भरते, आणि ओढकामात तूट याहूनही अधिक जाणवते. तासन्‌तास एकाच चालीने नांगर ओढायचा असेल तर गिअरचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, डिझेल कमी पितो आणि दुरुस्तीलाही गावात माणूस मिळतो. ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. इंग्लंडमध्ये सिल्सो येथील कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९५४ साली असा ट्रॅक्टर प्रयोगादाखल तयार केला होता, आणि अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली मोठ्या ट्रॅक्टरात ही पद्धत बाजारात आणली. तरीही मोठ्या नांगरटीच्या ट्रॅक्टरांत ती टिकली नाही, छोट्यांत मात्र घर करून बसली. त्याचे कारण हेच.

आता उतारासंबंधी बोलतो. पुढचा मजकूर कृपा करून घाईने वाचू नका.

या ट्रॅक्टरला पेडलखेरीज एक दांडा असतो, आपल्या हाय-लोसारखा. कुठे दोन पल्ले, कुठे तीन. हा दांडा खऱ्याखुऱ्या दात्यांचा आहे, म्हणून तो ट्रॅक्टर पूर्ण उभा करूनच बदलायचा. लो मध्ये रेटा जास्त, हाय मध्ये चाल जास्त. हाय फक्त सपाट रस्त्याने रिकामे जायला. पेडल सोडले की ट्रॅक्टर थांबतो, हे आपण पाहिले. म्हणजे तेलच त्याला धरून ठेवते, ब्रेकला फारसे कामच पडत नाही. पण दांडा न्यूट्रलला आला की चाके आणि तेल यांचा संबंधच तुटतो.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. माणूस हाय मध्ये चढ चढायला लागतो. अर्ध्यावर ट्रॅक्टरचा दम तुटतो. तो म्हणतो, लो टाकू या. दांडा हाय मधून काढतो, तो न्यूट्रलमधून जातो, आणि त्याच घटकेला ट्रॅक्टर मोकळा सुटतो. मागे उतार, वर माती भरलेली बकेट. धावत्या चाकांत लो काही पडत नाही. आता सगळा भरवसा ब्रेकवर, आणि महिनोन्‌महिने ब्रेक लावायची गरज न पडल्यामुळे पायाला ब्रेक कुठे आहे याची आठवण राहिलेली नाही. घाटात न्यूट्रल मारून गाडी सोडणाऱ्या ट्रकवाल्याची जी गत, तीच याची.

तेव्हा चढ असो की उतार, लो पायथ्याशीच टाका, किंवा उतरायचे असेल तर माथ्यावर. दम तुटलाच तर दांड्याला हात लावू नका. पाय पेडलवरून काढा, ब्रेक दाबून धरा, घटकाभर श्वास घ्या, आणि त्याच पल्ल्यात रिव्हर्सच्या पेडलने रांगत रांगत खाली या. पुढची चाकेही ओढणारा ट्रॅक्टर असेल तर उतारावर चारही चाके जोडलेली ठेवा. बकेट भरलेली असली की मागचा भाग हलका होतो. ब्रेक आणि तेलाची धर दोन्ही मागच्या चाकांवर असतात, आणि हलकी झालेली चाके न फिरता नुसती घसरत जातात. पुढची जोडली म्हणजे त्यांनाही धर मिळते. बकेट जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवा आणि मागे वजन जोडा. उताराला आडवे जाऊ नका, सरळ वर किंवा सरळ खाली.

चालकाच्या पाठीमागे जी लोखंडी कमान असते ती ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली चिरडू नये म्हणून असते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण १९५९ साली सक्तीचे केले. पण कमान आणि कमरेचा पट्टा ही जोडी आहे. पट्टा नसला तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडू शकतो. उलट, झाडाखालून जाण्यासाठी कमान दुमडली असेल तर तेवढ्यापुरता पट्टा बांधू नये, आणि झाडे संपली की कमान ताबडतोब उभी करावी.

पीटीओबद्दलही दोन शब्द. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. "अरे" म्हणायच्या आत पदराचा, उपरण्याचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा हातभर कपडा दांड्याला गुंडाळला गेलेला असतो, आणि कपड्यामागोमाग माणूस. गिअरच्या ट्रॅक्टरवरून उतरायचे म्हणजे निदान गिअर काढणे भाग असते. इथे पाय उचलला की ट्रॅक्टर शहाण्यासारखा उभा राहतो, आणि म्हणून माणूस इंजिन चालू, पीटीओ चालू ठेवून टुणकन खाली उतरतो, "एवढी फांदीच तर काढायची आहे" असे म्हणत. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली हातात, सगळे फिरणे थांबलेले, मग खाली पाय. पुष्कळ ट्रॅक्टरांना बैठकीखाली एक खटका असतो, माणूस उठला की इंजिन बंद पाडणारा. तो त्रासदायक वाटतो म्हणून तारेने बांधून टाकणारे हुशार लोक मला भेटले आहेत. त्यांच्या हुशारीचे मला कौतुक नाही.

उरले तेल. गिअरबॉक्सात तेल नुसते वंगण असते. इथे तेच ताकद नेते. पंपातले भाग एकमेकांत केसाहून कितीतरी बारीक फटीने बसवलेले असतात, तेव्हा चिमूटभर धूळही वाळूच्या कागदासारखी घासत राहते. तेल पाहण्याची कांडी काढण्याआधी तिच्याभोवतीची माती फडक्याने पुसून घ्या. पुस्तिकेत जे तेल सांगितले असेल तेच घाला. आपल्या मिस्त्री लोकांचा ९० नंबरच्या गिअर ऑईलवर फार विश्वास; इथे ते घट्ट तेल घातले तर पंप उपाशी मरेल. नव्या ट्रॅक्टरची पहिली गाळणी, म्हणजे फिल्टर, साधारण पहिल्या ५० तासांनंतर बदलायची असते, कारण नवे भाग एकमेकांत बसताना धातूचा बारीक कीस सुटतो. हा पहिला बदल चुकवणारे पुष्कळ. तेल दुधासारखे दिसू लागले तर आत पाणी गेले आहे असे समजा आणि काम थांबवा. गवत कापताना पुढची जाळी भुश्शाने बुजते, ती दिवसातून दोन-तीन वेळा झाडा. तापलेले तेल पातळ होते, फटींतून निसटू लागते, आणि सकाळी जोमाने चालणारा ट्रॅक्टर दुपारी मरगळतो. थंडीत याच्या उलट. अमेरिकेतल्या हिवाळ्यात तेल काकवीसारखे घट्ट होते, म्हणून इंजिन मंद रेसवर काही मिनिटे चालू ठेवून मगच पेडलला पाय लावायचा असतो.

नळीतून तेल गळताना दिसले तर कुठून गळते ते बोटाने चाचपू नका. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-अडीच बार असतो; इथे कामाच्या वेळी तो २०० बारच्याही वर जातो. सुईएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण ती गंभीर असते, आणि त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठावे लागते. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून.

ट्रॅक्टर बंद पडला तर ढकलून किंवा ओढून चालू करण्याची आपली जुनी युक्ती इथे चालत नाही. तेलाच्या मार्गाने चाकांची ताकद इंजिनापर्यंत उलटी पोचत नाही, आणि ओढण्याच्या नादात पंपाला मात्र इजा होते. अगदी हलवायचाच असेल तर दांडा न्यूट्रलला ठेवून, चालक बैठकीवर ब्रेकशी तयार बसवून, सपाटीवर, माणसाच्या चालीने आणि थोडेच अंतर.

शेवटी ट्रॅक्टर उभा करताना एक भ्रम होतो, तोही सांगून टाकतो. काम करताना पाय उचलला की तो उतारावरही उभा राहतो, म्हणून इंजिन बंद केल्यावरही तसाच राहील असे वाटते. राहत नाही. इंजिन थांबले की पंपाच्या बारीक फटींतून तेल हळूहळू निसटते आणि ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने सरकू लागतो. तुम्ही चहा घेऊन परत याल तेव्हा तो विहिरीच्या काठाशी गेलेला असेल. म्हणून बकेट जमिनीला टेकवा, हँडब्रेक ओढा, तो खरोखर लागला आहे ना ते पाहा, आणि मग इंजिन बंद करा. उतार असेल तर चाकाखाली दगड लावा. किल्ली खिशात घाला. घरात लहान मुले असतील तर ती खुंटीला सुद्धा टांगू नका, कारण हा ट्रॅक्टर चालवायला किती सोपा आहे ते त्यांनी पाहून ठेवलेले असते.